निवड करावी, वाट अडवू नये

घरातली ऐकण्याची साधने बदलत गेली, पण त्यांतून एक निवडण्याचे काम टिकून राहिले. व्हॉल्व्हच्या रेडिओत मागे ग्रामोफोन जोडायची सोय असे. पुढे अ‍ॅम्प्लिफायरवर फोनो, ट्यूनर, टेप अशी नावे लिहिलेला फिरता नॉब आला. आता टीव्ही, सीडी प्लेअर आणि फोन एकाच अ‍ॅम्प्लिफायरवर हक्क सांगतात आणि हौशी मंडळी निवडीचे काम मायक्रोकंट्रोलरकडे सोपवतात. हे योग्यच आहे, पण एका अटीवर : कंट्रोलरने निर्णय घ्यावा, आवाजाला हात लावू नये. रेल्वेचा सांधेवाला रूळ जोडून देतो, गाडीत बसत नाही.

साधा रोटरी स्विच असताना एवढा खटाटोप कशाला, असे कोणी विचारेल. दोन-तीन इनपुटांपुरता तो प्रश्न रास्त आहे. पण उघड्या स्विचच्या चांदीच्या संपर्कांवर हवेतल्या गंधकामुळे काळा थर चढतो आणि नॉब फिरवताना खरखर येते. शिवाय मागच्या सॉकेटपासून पुढच्या नॉबपर्यंत आणि तिथून परत असा नाजूक सिग्नलचा लांब प्रवास होतो, त्यात ५० हर्ट्झची गुणगुण शिरायला वाव मिळतो. बंदिस्त रिले, म्हणजे विजेच्या हुकमाने चालणारे स्विच, सॉकेटशेजारीच बसवले की पुढच्या पॅनेलकडे फक्त हुकमाची तार जाते. रिलेऐवजी ४०५२ सारखी स्वस्त चिप चालेल का? चालेल, पण तिचा रोध सिग्नलच्या व्होल्टेजबरोबर थोडा बदलतो. धातूच्या संपर्काला तो दोष नाही.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे : १६ मेगाहर्ट्झवर धडधडणारा कंट्रोलर आवाजाजवळ आणणे म्हणजे गोंगाटाला घरात घेणे. त्याला उत्तर आहे लॅचिंग रिलेचे. त्याला काही मिलिसेकंदांचा एक झटका पुरतो. नंतर तो विजेविना जागा धरून राहतो, आणि कंट्रोलरला पुढचे बटण दाबेपर्यंत झोपवता येते. प्रोग्रामलाही दोन पथ्ये पाळावी लागतात. बटणाचा संपर्क क्षणभर थरथरतो, तो स्थिरावेपर्यंत थांबायचे. आणि जुना रिले सोडल्यावरच नवा जोडायचा, नाहीतर दोन यंत्रांची आउटपुट एकमेकांना भिडतात. रिलेची कॉइल थेट कंट्रोलरच्या पिनवर न लावता मध्ये ट्रान्झिस्टर आणि उलटा डायोड हवाच. शेवटची निवड एटीमेगा ३२८ सारख्या कंट्रोलरच्या ईईप्रॉम स्मृतीत ठेवता येते. तिथली प्रत्येक जागा १ लाख वेळा लिहिता येते. दिवसाला १० बदल धरले तरी २७ वर्षे निघतात.

तेव्हा तीनच इनपुट असतील आणि रिमोट नको असेल, तर चांगला रोटरी स्विच घ्या आणि समाधानाने ऐका. त्याहून जास्त हवे असेल तर कंट्रोलर जरूर वापरा, मात्र त्याची हुशारी आवाजाच्या वाटेबाहेरच ठेवा.