आधी दगड, मग जॅक

अमरावती जिल्ह्यातल्या मोर्शी तालुक्यात शिरलं की रस्त्याची कड बदलते. डांबर संपतं तिथेच काळी माती सुरू होते. मधे मुरमाची पट्टी असली तर असली. पलीकडे संत्र्याच्या बागा, कपाशी, तूर आणि धुऱ्यावर बाभळी. या मातीवर माझा जीव आहे. वऱ्हाडाला तिनेच पोसलं. पण गाडीचं चाक बसलं की हीच माती परीक्षा पाहते. पावसाळ्यात ती लोण्यासारखी दबते, उन्हाळ्यात भेगाळून तिची ढेकळं होतात. जॅकची बैठक जेमतेम तळहाताएवढी. हजार-बाराशे किलोच्या गाडीचा एक कोपरा त्या तळहातावर तोलायचा, तोही अशा जमिनीवर! वऱ्हाडात पंक्चर काढण्याची पहिली अक्कल पायाखालच्या मातीपासून सुरू होते.

याच तालुक्यातल्या रिद्धपूरला माणसं पूर्वी पायी येत. हे गोविंदप्रभूंचं गाव, महानुभाव पंथाची काशी. तेराव्या शतकाच्या अखेरीस म्हाइंभटांनी पंथप्रवर्तक चक्रधरस्वामींच्या आठवणींचं ‘लीळाचरित्र’ इथेच लिहिलं. त्यासाठी ते गावोगाव फिरले, ज्याला जे आठवत होतं ते त्याच्याच तोंडून ऐकलं, पडताळलं आणि मग कागदावर उतरवलं. आता मराठी भाषेचं विद्यापीठही याच गावात आलं आहे. यात्रेच्या दिवसांत जीपगाड्या, एसटी, ‘छोटा हत्ती’ म्हणवणारे टेम्पो, दुचाक्या यांची रीघ लागते. पायी येणाऱ्याच्या पायात काटा मोडे, आता तो टायरमध्ये मोडतो.

तशी चाकाला हवेची सवय अलीकडची. बैलगाडीच्या लाकडी चाकावर लोहार लोखंडी धाव तापवून चढवायचा आणि पाणी ओतून थंड करायचा. थंड होताना धाव आकसायची आणि लाकूड आवळून धरायची. त्या चाकाला पंक्चर ठाऊकच नव्हतं; दणके मात्र बसणाऱ्याच्या कमरेला. १८८८ मध्ये बेलफास्टच्या जॉन डनलॉप यांनी आपल्या मुलाच्या तीनचाकीसाठी हवेचं रबरी चाक केलं आणि प्रवास मऊ झाला. हवेवर बसण्याचं सुख आलं, हवा जाण्याचं भयही आलं.

ते भय उन्हाळ्यात खरं ठरतं. मे महिन्यात अमरावतीचा पारा ४५ अंशांपर्यंत जातो. टायरमध्ये हवा कमी असली तर त्याची बाजू प्रत्येक फेऱ्याला जास्त दुमडते, आतून तापते आणि भरधाव गाडीत फाटते. अशा वेळी स्टिअरिंग एका बाजूला ओढलं जातं. पाय आपसूक ब्रेककडे धावतो, त्याला आवरायचं. स्टिअरिंग दोन्ही हातांनी घट्ट धरायचं, ॲक्सिलरेटरवरून पाय हळूहळू काढायचा आणि टणक, सपाट जागा येईपर्यंत गाडी रांगत न्यायची. त्यात टायर चिरडून गेला तर जाऊ द्यावा. तो बाजारात मिळतो.

पावसाळा सरतानाची एक दुपार आठवते. रिद्धपूरच्या अलीकडे एका बागेच्या कडेला एक छोटा हत्ती उभा होता. चालवणारा विशीतला पोरगा. जॅक अडकवून तो दांडा फिरवायला लागला होता. गाडी इंच-दीड इंच उठली असेल-नसेल, जॅक मातीत रुतून तिरपा झाला. बागेतून एक म्हातारे शेतकरी धोतर सावरत आले आणि शांतपणे म्हणाले, “बापू, खाली घे तिले. पयले गोटा लाव चाकाले, मंग उचल.”

“हो काकाजी,” म्हणत पोराने गाडी खाली घेतली. पंक्चर मागच्या डाव्या चाकाचं होतं. म्हणून म्हाताऱ्यांनी पुढच्या उजव्या चाकाला दोन्हीकडून दगड लावले. हँडब्रेक ओढला आहे ना, गाडी पहिल्या गिअरमध्ये आहे ना, ते विचारून घेतलं. मग फाटकापाशी पडलेला सागवानी फळीचा जाड तुकडा आणून जॅकखाली सरकवला.

यानंतर त्यांनी सांगितलं ते फार मोलाचं. “नट आत्ताच ढिल्ले कर, चाक भुईवर हाय तवर.” पोराने पाना बसवला, दांड्यावर पायाचा भार दिला. गंजलेला नट किर्रर्र करत अर्धा फेरा सुटला. मग समोरचा, मग उरलेले. नट पूर्ण काढले नाहीत, नुसती त्यांची पकड मोडली. चाक जमिनीवर असलं की फिरत नाही आणि सगळा जोर नटावर लागतो. गाडी उचलल्यावर तोच जोर लावला तर ती जॅकवरून घसरते. हा क्रम उलटा करणारी माणसं मी भर हायवेवर पाहिली आहेत आणि पाहताना घशाशी श्वास अडकला आहे.

गाडी उठली तेव्हा म्हाताऱ्यांनी स्टेपनी गाडीच्या सांगाड्याखाली आडवी सारली. जॅक दगा देईलच तर गाडी चाकावर टेकेल, माणसावर येणार नाही. नुसत्या जॅकवर तोललेल्या गाडीखाली हातसुद्धा घालू नये. मग काढलेलं चाक तिच्या जागी सारून स्टेपनी चढवली, नटांची निमुळती बाजू आत गेली. नट एकाआड एक समोरासमोरचे हाताने बसवले, गाडी खाली आली आणि मगच पान्याने शेवटचा जोर लावला. पन्नासेक किलोमीटरनंतर ते पुन्हा तपासायचे असतात. नव्याने बसवलेलं चाक सैल पडू शकतं.

हे सगळं गावरस्त्याचं झालं. मोठ्या रस्त्याचा न्याय वेगळा. जून २०२२ मध्ये अमरावती-अकोला मार्गावर ७५ किलोमीटरचा डांबरी पट्टा १०५ तास ३३ मिनिटांत सलग टाकून जागतिक विक्रम झाला. त्याच वर्षी डिसेंबरात समृद्धी महामार्गाचा नागपूर-शिर्डी टप्पा खुला झाला. तोही अमरावती जिल्ह्यातून जातो. रस्ते गुळगुळीत झाले, वेग वाढले. तिथे रहदारीच्या बाजूचं चाक बसलं तर पाना हातात घेऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे. चारही दिवे लुकलुकते ठेवावेत, लाल त्रिकोण किमान पन्नास पावलं मागे मांडावा, लेकराबाळांसह सगळ्यांनी कठड्यापलीकडे जावं आणि मदत बोलवावी.

आणि चाक बदलण्याचं हे काम घरातल्या मुलींनाही शिकवावं. महदंबा रिद्धपूरच्या महानुभाव परंपरेतली, मराठीची आद्य कवयित्री. चक्रधरस्वामींना तिने विचारलेले प्रश्न लीळांमध्ये जागोजाग भेटतात. तिच्या मुलखातल्या लेकीने गाडीत बसावं आणि चाक बसलं की कुणी येईपर्यंत ताटकळावं, हे मला पटत नाही. पाना लांब असला की नट सोडवायला फार ताकद लागत नाही. लागतो तो क्रम, आणि घाई न करण्याचा निग्रह.

ऑक्टोबर २०२० पासून नियम बदलला आहे. ट्यूबलेस टायर, हवेचा दाब दाखवणारी यंत्रणा आणि दुरुस्तीचं किट असलेल्या मोटारीला स्टेपनीची सक्ती उरली नाही. तरी फाटलेल्या टायरला किट काय करणार? आमच्या रस्त्यांवर स्टेपनी हवीच, तीही जिवंत. टायर कधी बनला ते सांगणारे चार आकडे त्याच्या बाजूवर कोरलेले असतात: पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. ते वाचा. पुढच्या खेपेला हवा भरायला थांबाल तेव्हा चार चाकं झाली म्हणून निघू नका. स्टेपनीतही हवा भरून घ्या आणि तिच्याशेजारी एक जाड फळी ठेवून द्या.