टाकीचे झाकण

आमच्या मुलीने अमेरिकेत घर घेतले त्या दिवसांतली हकीकत. जानेवारी २०२५ चा महिना होता. घर पेनसिल्व्हानियातले. आपल्याकडे घर घ्यायचे म्हणजे आधी दार कोणत्या दिशेला आहे ते पाहतात, मग नळाला पाणी किती वेळ येते, आणि मग शेजारी कोण. जावईबापू मात्र फोनवर सांगत होते, की घराच्या तळघरात एक डबी ठेवली आहे, ती दोन दिवस तिथे राहणार, आणि तिचा आकडा हाती येईपर्यंत सही करायची नाही.

“कसली डबी?” मी विचारले.

“रेडॉनची.”

सौ. शेजारीच मटार सोलत बसली होती. ती म्हणाली, “म्हणजे तिकडेही घर बाधतं का काय कुणाला?”

तिने थट्टेने विचारले खरे, पण पुढे मी या रेडॉनची माहिती काढली तेव्हा तिचा प्रश्न अगदीच काही चुकला नव्हता असे दिसून आले. रेडॉन हा एक वायू. त्याला रंग नाही, वास नाही, चव नाही. जमिनीतल्या युरेनियमचे हळूहळू रूपांतर होत असते, त्या वंशावळीत मध्येच कुठे तरी हा जन्मतो. चार दिवसांच्या आतच निम्मा संपतोही. पण संपताना किरणोत्सर्गी धातूचे सूक्ष्म कण मागे ठेवतो, आणि ते श्वासाबरोबर आत जाऊन फुप्फुसात ठाण मांडून बसतात. अमेरिकेत फुप्फुसाच्या कर्करोगाला कारण म्हणून धूम्रपानाखालोखाल याचाच नंबर लागतो.

हा वायू घरात राहतो हे लोकांच्या ध्यानात आले त्याची कथा मोठी विलक्षण आहे. डिसेंबर १९८४ मध्ये याच पेनसिल्व्हानियात, लिमरिक येथल्या अणुवीज केंद्रात स्टॅन्ली वॉट्रस नावाचे एक अभियंते कामाला होते. किरणोत्सर्ग अंगाला लागला आहे की काय हे तपासणाऱ्या यंत्राजवळून ते गेले, की घंटा वाजे. गंमत अशी, की केंद्रात अजून वीज तयारच होऊ लागली नव्हती. शोध घेता घेता कळले, की हा गृहस्थ कारखान्यातून घरी काही नेत नव्हता. घरून कारखान्यात आणत होता! त्याच्या घराखालच्या खडकातून रेडॉन वर येऊन खोल्यांत साठत होता.

आता ही गोष्ट वाचल्यावर कोणीही करील तेच मी केले. आमच्या चिंचवडच्या जमिनीत काय आहे ते पाहिले. आपल्या नशिबाने आपण सह्याद्रीच्या काळ्या दगडावर राहतो. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हारस थंड होऊन झालेला हा दगड. ग्रॅनाइटच्या मानाने याच्यात युरेनियम फारच थोडे. शिवाय थंड मुलुखातल्यासारखी आमची घरे सहा-सहा महिने बंद नसतात. आमच्या तिसऱ्या मजल्यावर बारा महिने खिडक्या सताड उघड्या. त्यांतून वायू बाहेर जातात आणि डास आत येतात. बोअरच्या पाण्यात हा वायू विरघळलेला असतो, हे खरे; पण ते पाणी उघड्यावर खळबळले किंवा उकळले, की बराचसा उडून जातो.

मी मोठ्या समाधानाने हे मुलीला कळवले. ती म्हणाली, “रेडॉनचं राहू द्या, बाबा. पाण्याचं काय? इकडे बातम्यांत पुण्याचं नाव येतंय.”

त्याच महिन्यात पुण्यात सिंहगड रस्त्याच्या बाजूला, नांदेड गावाच्या परिसरात, गीयाँ-बारे या आजाराचे रुग्ण एकामागून एक सापडत होते. चालती-बोलती माणसे, हातापायांतली शक्ती जाऊन अंथरुणाला खिळत होती. काही रुग्णांच्या तपासणीत पोटाच्या विकाराचे जंतू सापडले होते आणि पाण्याकडे बोट दाखवले जात होते.

“आपलं पाणी पवनेचं,” मी म्हणालो. हे मी जरा छाती फुगवूनच म्हणालो, कारण पवनेचा मला अभिमान आहे. तुंग, तिकोना आणि लोहगड यांच्या मधल्या खोऱ्यात हे धरण आहे. पावसाळ्यात तिथे उभे राहिले, की वाटते इतके पाणी पिणार तरी कोण! पण पिणारेही कमी नाहीत. २०११ च्या शिरगणतीत आमच्या शहराची वस्ती सतरा लाखांवर गेली होती. धरणातले पाणी नदीत सोडायचे, रावेतच्या बंधाऱ्यापाशी उचलायचे आणि निगडीला नेऊन शुद्ध करायचे, अशी रीत. तुरटीने गाळ खाली बसतो, वाळूतून पाणी गाळले जाते, मग क्लोरीन.

या पाण्याची आणखी एक आठवण आहे आणि ती सांगितल्याशिवाय मला पुढे जाता येत नाही. पाणी नदीतून न आणता धरणापासून थेट बंद नळातून आणायचे, अशी योजना निघाली. मावळातल्या शेतकऱ्यांना भीती वाटली, की नदी कोरडी पडेल आणि आपल्या शेतांचा हिस्सा शहराच्या घशात जाईल. ९ ऑगस्ट २०११ रोजी ते बऊर गावापाशी द्रुतगती मार्गावर उतरले. पोलिसांनी गोळीबार केला. तिघे मेले. काम थांबले ते वर्षानुवर्षे थांबलेच. दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या नळाला नेहमीसारखे पाणी आले आणि आम्ही नेहमीसारखे ते भरून ठेवले. मी त्या दिवशी चहा घेतला नाही, एवढेच. संध्याकाळी घेतला.

“पवनेचं ते कळलं,” मुलगी म्हणाली, “पण टाकीत कुठलं असतं?”

मी गप्प बसलो. आमच्या सोसायटीला जमिनीखाली एक टाकी आहे. तिच्यात महापालिकेच्या नळाचे पाणी पडते, ते वरच्या टाकीत चढते आणि घरोघर उतरते. २०१९ च्या नोव्हेंबरात शहराला दिवसाआड पाणी सुरू झाले तेव्हापासून त्याच टाकीत बोअरचे पाणीही सोडू लागले, आणि उन्हाळ्यात टँकरचे. टँकर कोणत्या विहिरीवर भरतो हे ड्रायव्हरला विचारले, तर तो म्हणतो, “शेठला माहीत.” तीन ठिकाणची पाणी एका टाकीत. आपल्याकडे याला संगम म्हणतात आणि हात जोडतात!

नळ बंद असतो त्या काळात काय होते, हेही मी पुढे एका जाणकाराकडून समजून घेतले. नळात पाणी भरलेले असते तेव्हा फट असली तर पाणी बाहेर गळते. नळ रिकामा झाला, की तीच फट बाहेरचे आत ओढते, आणि बाहेर गटार असले तर गटाराचे. म्हणून शुद्ध केलेल्या पाण्यात थोडे क्लोरीन शिल्लक ठेवतात. आपल्या नळापर्यंत ते लिटरला निदान ०.२ मिलिग्रॅम पोचावे, अशी अपेक्षा असते. पण पाणी टाकीत दोन दिवस पडून राहिले, त्यात बोअरचे मिसळले, की हा रखवालदार झोपी जातो.

आता कोणी म्हणेल, घरोघरी पाणी शुद्ध करण्याची मशीन आहेत, मग कशाला काळजी? आमच्याकडेही आहे. ते कसे आले ते सांगतो. एके दिवशी टाय लावलेला एक तरुण दारात उभा राहिला. त्याने एका पेल्यात आमच्या नळाचे पाणी घेतले, दुसऱ्यात आपल्या बाटलीतले. दोन्हींत लोखंडी सळ्या बुडवून विजेचा प्रवाह सोडला. मिनिटभरात आमच्या पेल्यात तपकिरी चिखल झाला! त्याच्या पेल्यात काही नाही. सौ.ने पदर तोंडाशी धरला. “अहो, हे पीत होतो आपण?”

मी शाळेत विज्ञान शिकलो होतो, तरी मलाही ते सुचले नाही. तो चिखल पाण्यातला नव्हता, सळईच्या लोखंडाचा गंज होता. पाण्यात थोडे क्षार असले की वीज वाहते आणि लोखंड झिजते. क्षार काढून टाकलेल्या पाण्यात वीजच वाहत नाही, म्हणून ते स्वच्छ दिसते. त्याने आमच्या पाण्यातले जंतू दाखवले नाहीत, क्षार दाखवले. आणि पवनेच्या पाण्यात क्षार मुळात थोडेच. पण मशीन आले. ते एक तांब्या पाणी देते आणि दोन-तीन तांबे मोरीत सोडते. एक मात्र कबूल केले पाहिजे, की जंतूही ते अडवते.

हळूहळू आमच्या अठ्ठावीस बिऱ्हाडांत अठ्ठावीस मशीन झाली, आणि त्या दिवसापासून खालची टाकी कोणाचीच राहिली नाही. पूर्वी वर्षातून दोनदा ती उपसून घासत. पुढे एकदा. पुढे तो विषयच बैठकीतून गेला.

जूनमध्ये पाऊस सुरू झाला आणि आमच्या रखवालदाराची धाकटी मुलगी आजारी पडली. सहा वर्षांची पोर. जुलाब, उलट्या, ताप. दुसऱ्या रात्री तिचे डोळे खोल गेले आणि तिचा बाप माझे दार वाजवत आला. रिक्षातून आम्ही तिला दवाखान्यात नेले. ती इतकी हलकी झाली होती, की मांडीवर घेतल्याचे कळत नव्हते. सलाईन लावता लावता डॉक्टरांनी विचारले, “पाणी कुठलं पिते?”

“साहेबांच्याच बिल्डिंगचं,” रखवालदार म्हणाला. त्यात तक्रारीचा सूरही नव्हता.

तीन दिवसांनी पोर घरी आली. मी माझ्या मित्राच्या मुलाला गाठले. तो कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवतो. त्याने मला चार बाटल्या दिल्या. आत औषध लावलेला कागद असतो. पाणी भरायचे, उबेला ठेवायचे, आणि एक-दोन दिवस पाहायचे. विष्ठेतून येणारे जंतू असले तर पाणी काळे पडते. अगदी पक्के करायचे तर प्रयोगशाळा, पण घरी कळायला हे पुरते. ही युक्ती आपल्याच देशातल्या शास्त्रज्ञांनी १९८० च्या सुमारास काढली.

एक बाटली भरली महापालिकेच्या नळाखाली, टाकीत पडण्याआधीच. दुसरी आमच्या स्वयंपाकघरात. तिसरी मशीनची. चौथी रखवालदाराच्या नळाची. चारही ओट्याच्या कोपऱ्यात मांडल्या. सौ. म्हणाली, “दह्याचं विरजण लावल्यासारखं काय करताय?” पण दुसऱ्या सकाळी माझ्याआधी तीच तिथे उभी होती. पहिली आणि तिसरी होती तशी होती. दुसरी आणि चौथी शाईसारखी काळी.

त्या रविवारी सोसायटीची बैठक होती. विषय होता गणपतीच्या मांडवाचा. मी चौथी बाटली टेबलावर ठेवली. सेक्रेटरी म्हणाले, “काका, हे पाणी पितंय कोण? सगळ्यांकडे मशीन आहे.” मी म्हणालो, “सगळ्यांकडे नाही.” कोणी काही बोलले नाही. मग तळमजल्यावरच्या आजीबाई, ज्या बैठकीत कधी तोंड उघडत नाहीत, म्हणाल्या, “आणि भाजी कशानं धुता रे? दात कशानं घासता?” बैठकीचा रंगच बदलला. मला ते थोडे खुपले. पोरीच्या दुखण्याने जे झाले नाही ते दातांच्या ब्रशने झाले.

टाकी उपसली तेव्हा मी मुद्दाम खाली उभा राहिलो. झाकणाला बोटभर चीर होती, आणि हातभर अंतरावर सांडपाण्याचा चेंबर. पावसात तो भरून वाहिला, की सगळे उताराने झाकणाकडे. तळाशी वीतभर गाळ निघाला; त्यात एक रबरी चेंडू, मेलेली झुरळे आणि कोणाची तरी लहान चप्पल. घासून, ब्लीचिंग पावडरीने धुऊन टाकी पुन्हा भरली. बोअरसाठी वेगळी टाकी केली आणि तिचे पाणी फक्त झाडांना आणि गाड्या धुवायला सोडले. रखवालदाराच्या खोलीत मशीन बसवायचे, असेही ठरले. ते मात्र आधी टाकी स्वच्छ राहते का पाहू म्हणून मीच लांबणीवर टाकले. बरोबर केले की नाही, सांगता येत नाही.

मुलीच्या तळघरातला आकडाही तिकडच्या मर्यादेच्या जरा वर निघाला होता. त्यांनी जमिनीखालून नळी घालून छपरापर्यंत नेली आणि तिला पंखा बसवला. वायू घरात शिरण्याआधीच बाहेर. ती विचारते, “बाबा, तुमचा आकडा काय?” मी सांगतो, “अजून पांढरीच आहे.” दर महिन्याच्या एक तारखेला मी रखवालदाराच्या नळाची एक बाटली भरतो, आणि ती धाकटी, शाळेत जाताना, जिन्यावरून ओरडून विचारते, “आजोबा, काळी झाली का?”

टाकीला नवे लोखंडी झाकण आले, त्याला कुलूपही आले. किल्ली कोणाकडे ठेवायची यावर मात्र दोन बैठका झाल्या तरी एकमत झालेले नाही. तूर्त ती आमच्या देवघराशेजारच्या खिळ्याला आहे.