माझे छोटे जपानी पेन



या महिन्याच्या भित्तिपत्रकासाठी गुरुजींनी 'माझी आवडती वस्तू' हा विषय दिला. कोणी सायकलवर लिहिले, कोणी क्रिकेटच्या बॅटवर लिहिले, एकाने बैलावर लिहिले. बैल ही वस्तू नाही, असे गुरुजी म्हणाले. पण निबंध चांगला होता म्हणून तो लावला आहे. मी माझ्या पेनावर लिहीत आहे. आणि त्याच पेनाने लिहीत आहे.

माझे पेन शाईचे आहे. इतके लहान आहे की फुटपट्टीने मोजले तर साधारण अकरा सेंटिमीटर भरते. कंपासपेटीत ते कर्कटकाशेजारी आडवे झोपते आणि तरी जागा उरते. लिहिताना मात्र टोपण मागच्या टोकाला लावायचे, मग ते मोठ्या माणसाच्या हातातही बसेल एवढे लांब होते. अंग पारदर्शक आहे, त्यामुळे शाई किती उरली ते बाहेरूनच दिसते. हे पेन जपानच्या पायलट कंपनीचे आहे आणि त्याचे नाव 'पेती-1'. पेती हा फ्रेंच शब्द आहे आणि त्याचा अर्थ 'लहान' असा आहे, हे मला गुरुजींनी सांगितले.

माझा मावसभाऊ पुण्यात कामाला आहे. दिवाळीला तो आला तेव्हा त्याने ते मला दिले. तो म्हणाला, "महाग नाही गं, रोज वापरायचंच आहे. कपाटात ठेवू नकोस."

त्याआधी मी बॉलपेनने लिहीत होते. माझे अक्षर फार वाईट होते असे नाही, पण मी फार दाबून लिहायची. पानाच्या मागच्या बाजूला हात फिरवला तर सगळी अक्षरे हाताला लागायची. मधल्या बोटाला घट्टा पडला होता. एकदा वही तपासताना गुरुजी म्हणाले, "अगं, तू लिहितेस का नांगरतेस?" सगळा वर्ग हसला. मीसुद्धा हसले, पण मला वाईट वाटले होते.

नव्या पेनाने पहिल्या दिवशी मी तशीच दाबून लिहायला लागले. भावाने माझा हात धरला आणि म्हणाला, "दाबू नकोस. नुसतं टेकव आणि सरकव." मी टेकवले आणि सरकवले, तर रेघ उमटली! बोटाला जोर लावावाच लागला नाही. एक पान शुद्धलेखन झाले तरी हात दुखला नाही.

हे कसे होते ते मी गुरुजींना विचारले. त्यांनी फळ्यावर चित्र काढून समजावले. बॉलपेनच्या टोकाला एक बारीक गोळी असते आणि तिची शाई तेलकट व घट्ट असते. गोळी फिरली तरच शाई बाहेर येते, म्हणून पेन थोडे दाबावे लागते. शाईच्या पेनात गोळी नसते. निबेला मधोमध एक बारीक चीर असते आणि निबेच्या खाली जीभ असते. शाई पाण्यासारखी पातळ असते. दिव्याची वात जसे तेल ओढून घेते, तशी शाई त्या चिरेतून टोकापर्यंत येऊन थांबते. टोक कागदाला टेकले की कागद ती ओढून घेतो. जेवढी शाई बाहेर जाते, तेवढी हवा आत येते. म्हणजे काम शाई आणि कागद करतात, आपण फक्त वाट दाखवायची.

वाट दाखवण्यावरून आठवले. पायलट कंपनी 1918 साली जपानमध्ये सुरू झाली, तेव्हा तिचे नाव वेगळे होते. ती काढणाऱ्यांपैकी र्‍योसुके नामिकी हे आधी जहाजांचे शिक्षण देणाऱ्या शाळेत शिक्षक होते. पायलट म्हणजे फक्त विमान चालवणारा नव्हे, तर जहाजाला बंदरात वाट दाखवून नेणारा माणूस, त्यालाही पायलट म्हणतात. म्हणून पेनाला ते नाव पडले.

जपानी पेनांच्या निबा फार बारीक असतात, त्यालाही कारण आहे. जपानी लिपीत कांजी नावाची चिन्हे आहेत. एकेका चिन्हात दहा-दहा, पंधरा-पंधरा रेघा असतात. जाड निबेने लिहिले तर रेघा एकमेकींत मिसळून नुसता काळा ठिपका होईल. तिथल्या मुलांना प्राथमिक शाळेच्या सहा वर्षांत अशी 1026 चिन्हे शिकावी लागतात! आपल्याला बाराखडी अवघड वाटते तेव्हा मी हा आकडा आठवते. पण बारीक निब आपल्या देवनागरीलाही चांगली. ष्ट, क्ष्म, द्ध्य अशी जोडाक्षरे, वर रफार, खाली उकार, हे सगळे दोन ओळींच्या मध्ये सुटे सुटे बसते.

भावाने सांगितले की जपानमध्ये अशी स्वस्तातली पेने आणखीही आहेत. पायलटनेच 2013 साली 'काकुनो' नावाचे पेन खास नव्याने शिकणाऱ्या मुलांसाठी काढले. त्याच्या निबेवर हसरा चेहरा कोरलेला असतो. तो चेहरा आपल्याकडे बघून हसला म्हणजे पेन बरोबर धरले आहे असे समजायचे. प्लॅटिनम कंपनीच्या 'प्रेपी' पेनाचे टोपण इतके घट्ट बसते की पेन कित्येक महिने पडून राहिले तरी शाई वाळत नाही. ही पेने मी अजून पाहिलेली नाहीत. पाहायला मिळाली तर पुन्हा लिहीन.

माझ्या पेनात शाईची छोटी कांडी बसते. ती संपली की नवी आणावी लागते, पण आमच्या तालुक्याला ती मिळत नाही. म्हणून भावाने युक्ती शिकवली. औषधाच्या दुकानातून इंजेक्शनची नवी पिचकारी आणायची, सुई लावायची नाही. रिकामी कांडी पाण्याने धुऊन वाळवायची आणि पिचकारीने तिच्यात दौतीतली शाई भरायची. मी कॅमलची निळी शाई वापरते. गुरुजींनी त्याचीही गंमत सांगितली. 1931 साली मुंबईत दांडेकर बंधूंनी शाईच्या पुडीपासून हा धंदा सुरू केला, पुढे त्याचीच कॅम्लिन कंपनी झाली. आणि 2011 साली त्या कंपनीचा मोठा हिस्सा जपानच्या कोकुयो कंपनीने विकत घेतला. म्हणजे माझे पेन जपानचे आणि शाई मराठी माणसाने सुरू केलेली, पण दोघांची आता सोयरीक आहे.

इथपर्यंत सगळे चांगले लिहिले. आता जे लिहायचे आहे ते लिहायला मला दोन दिवस लागले. गुरुजी म्हणाले, "खरं असेल तर लिही, नाहीतर वर केलं तेवढं पुरे." मी लिहायचे ठरवले.

शाईचे पेन दुसऱ्याच्या हाती देऊ नये, निब बिघडते, असे मोठी माणसे म्हणतात. मी ते अगदी पक्के धरले होते. शेजारच्या बाकावरच्या मैत्रिणीलाही मी पेन देत नव्हते. डिसेंबरमध्ये आपल्या शाळेत पालकसभा झाली. माझे आईवडील रोजगाराला गेले होते, म्हणून आजी आली. सभेच्या रजिस्टरात एकेक पालक सही करत होते. आजीची पाळी आली तेव्हा तिने मागे वळून माझ्याकडे हात केला आणि म्हणाली, "पोरी, तुझं ते पेन दे की जरा."

मी पेन मुठीत धरले आणि म्हणाले, "नको आजी, निब बिघडेल."

आजी काही बोलली नाही. गुरुजींनी शाईचे पॅड पुढे केले. आजीने अंगठा लावला. तिचा अंगठा नीट उमटतही नाही. जन्मभर भांगलण केली, शेणी थापल्या, भाकरी भाजल्या, त्यात अंगठ्यावरच्या रेषा झिजून गेल्या आहेत. रेशन घेताना मशीनवर अंगठा चार-चार वेळा पुसून ठेवावा लागतो. रजिस्टरातही नुसता जांभळा डाग पडला. आजीने अंगठा लुगड्याच्या सोग्याला पुसला आणि बायकांत जाऊन बसली.

संध्याकाळी चुलीपुढे मी तिला विचारले, "आजी, तुला कुठं लिहायला येतं? मग पेन कशाला मागितलंस?"

ती म्हणाली, "येत हुतं की. दुसरीपातुर साळंत गेलते मी. मग धाकटी भावंडं संबाळाया घरी ठिवलं. पुढं गावात रातचा मोठ्या मानसांचा वर्ग भरायचा, तवा परत नाव ल्ह्याया शिकले. पर आता बोटं वळत न्हाईत. बॉलपेन दाबाया लागतं, मला दाबवत न्हाई. तू ल्हितीस तवा म्या बगती ना रोज. तुझ्या पेनाला दाबाया लागत न्हाई. म्हटलं, ह्यानं जमंल."

मला काय बोलावे ते सुचेना. मला वाटले होते आजीला पेनातले काय कळते. आणि जे मला गुरुजींनी चित्र काढून समजावले, ते आजीला नुसते बघून कळले होते.

मी कंपासपेटी आणली आणि पेन तिच्या हातात दिले.

पहिल्या दिवशी उमटले नाही, कारण निब उलटी धरली होती. दुसऱ्या दिवशी मोठा डाग पडला. आजीचा हात कापतो, म्हणून टोक एकाच जागी फार वेळ थांबले आणि कागद शाई पीत बसला. मी तिला सांगितले, "थांबू नकोस, सरकव." मग तिने तिची रीत काढली. आधी डावीकडून उजवीकडे लांब शिरोरेषा ओढायची आणि मग आढ्याला कणसे टांगावीत तशी एकेक अक्षर खाली टांगायचे. आम्ही शिरोरेषा शेवटी देतो, ती आधी देते. पण त्यामुळे तिची अक्षरे एका ओळीत आली.

तिच्या नावात एक जोडाक्षर आहे. तेच अडायचे. बॉलपेनने तिथे नुसता गोळा होत होता, तेही मी करून पाहिले. या बारीक निबेने दोन्ही अक्षरे वेगवेगळी दिसली. त्या दिवशी आजीने ते कागद देवाच्या फळीवर ठेवले. रोज निजायच्या आधी ती पाच वेळा नाव लिहायची. माझ्या जुन्या वहीची बावीस पाने भरली, ती मी मोजली आहेत.

पुढच्या पालकसभेला आजी पुन्हा आली. रजिस्टर पुढे आल्यावर तिने चष्मा लावला, टोपण मागे बसवले आणि नाव लिहिले. फार वेळ लागला. मागे सहा-सात माणसे उभी होती, कोणी घाई केली नाही. शेवटचे अक्षर रकान्याच्या थोडे बाहेर गेले. गुरुजी म्हणाले, "राहू द्या, वाळू द्या." आजीने त्याच्यावर फुंकर घातली, आणि त्याच पानाच्या मागच्या पानावर तिचा जांभळा डाग होता, तोही उलटून बघितला. मग मला म्हणाली, "धर तुझं पेन. बिगाडलंय का बग."

पेन बिघडले का? मला कधी कधी वाटते, निब आता एका बाजूने किंचित जाड लिहिते. गुरुजी म्हणतात, "तो तुझा भास आहे. निब पोलादाची आहे, आजीच्या हातानं वाकणारी नाही." बिघडली असेल तरी चालेल. भावाने सांगितलेच होते, रोज वापरायचे आहे, कपाटात ठेवायचे नाही. हे पेन महाग असते तर मी ते कदाचित अजून मुठीतच धरून बसले असते.

मित्रमैत्रिणींनो, ज्यांना या पेनाने लिहून बघायचे असेल त्यांनी मधल्या सुट्टीत माझ्याकडे यावे. निबेची चीर वरच्या बाजूला ठेवावी, पेन थोडे आडवे धरावे आणि दाबू नये. लिहून झाल्यावर टोपण लावावे, एवढीच अट आहे.

आणि पालकहो, आजच्या सभेचे रजिस्टर दाराजवळच्या टेबलावर आहे. त्याच्याशेजारी मी माझे पेन ठेवले आहे. आज सकाळीच त्यात शाई भरली आहे. ज्यांचे हात दुखतात, किंवा ज्यांना लिहायची सवय राहिलेली नाही, त्यांनी लाजू नये. वेळ लागला तरी चालेल. मागचे थांबतील.

इयत्ता सातवी