नदीची मार्कशीट

‘‘म्हणजे आता तू झाडं लावणार?’’

एक्झिट इंटरव्ह्यू घेणाऱ्या एचआरच्या मुलीने अगदी मनापासून विचारलं होतं. २०१६चा जून होता, मी सत्तावीस वर्षांची होते आणि हिंजवडीतली बऱ्या पगाराची टेस्टिंगची नोकरी सोडून एम.एस्सी.ला बसणार होते. विषय : पर्यावरणशास्त्र आणि व्यवस्थापन. तिला काय सांगावं सुचेना, म्हणून मी ‘हो’ म्हणून मोकळी झाले.

घरी आईने लगेच स्थळांचा विषय काढला. मैत्रिणी आधी ‘वॉव!’ म्हणाल्या आणि मग हळूच ईएमआयचं विचारलं. बाबा मात्र गप्प. बाबा पाटबंधारे खात्यातून रिटायर झालेले. खडकवासला, पानशेत, वरसगाव, टेमघर... चारही धरणांत आज किती पाणी आहे ते त्यांना तोंडपाठ असतं. आमच्याकडे पाऊस मिलिमीटरमध्ये नाही, टीएमसीत मोजतात! रात्री जेवताना एवढंच म्हणाले, ‘‘पर्यावरणवाले म्हणजे मोर्चेवाले. त्यात शिकायचं काय असतं?’’

खरं सांगू? मलाही नीटसं माहीत नव्हतं. माझा पर्यावरणाशी संबंध बी.एस्सी.च्या त्या कंपल्सरी पेपरपुरता. एम. सी. मेहता या वकिलांच्या याचिकेवर सुप्रीम कोर्टाने १९९१ साली दिलेल्या आदेशातून हा विषय आपल्या माथी आला, हेही नंतर कळलं. तेव्हा मी सीनियरचं जर्नल आणून प्रोजेक्ट चक्क उतरवून काढला होता. तुम्हीही तेच केलं असणार, लाजू नका.

पहिल्या महिन्यातच भ्रम उतरला. झाडं होती, पण बरीच मागच्या रांगेत. पुढे होतं पाण्याचं रसायनशास्त्र, संख्याशास्त्र, उपग्रहाचे नकाशे आणि कायदे. १९७४चा पाण्याचा कायदा, १९८१चा हवेचा, आणि भोपाळच्या वायुकांडानंतर आलेला १९८६चा पर्यावरण संरक्षण कायदा. व्यवस्थापनाच्या पेपरात आयएसओ १४००१, ऑडिट, कचऱ्याचा हिशेब. २००६च्या अधिसूचनेत तर मला आमची स्वतःची सोसायटी सापडली! वीस हजार चौरस मीटर किंवा त्याहून जास्त बांधकाम असेल, तर पर्यावरण मंजुरी घ्यावी लागते. तुम्ही एखाद्या टाउनशिपमध्ये राहत असाल, तर तिचीही अशी फाइल कुठेतरी असणार. त्यात तुमचं सांडपाणी कुठे जाणार, तेही लिहिलेलं असतं. वाचून बघा कधीतरी.

वर्गातली निम्मी मुलं माझ्यापेक्षा सहा वर्षांनी लहान. मला ‘ताई’ म्हणायची. शनिवारी जुना ग्रुप मल्टिप्लेक्सला जायचा, तेव्हा मी लॅबमध्ये काचेच्या बाटल्या धूत बसलेली असायचे. दुसऱ्या वर्षी सेव्हिंग्ज संपत आली आणि एका रात्री मी जुन्या मॅनेजरला मेल लिहून ठेवला. ‘परत येऊ का?’ पाठवला नाही, पण डिलीटही केला नाही.

आणि मग प्रोजेक्टला मुठा नदी आली.

पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन मोजायची एक जुनी पद्धत आहे, विंकलरची. बुडबुडा न येऊ देता बाटली काठोकाठ भरायची आणि तिथल्या तिथे दोन रसायनं घालायची. ऑक्सिजन असेल तर तपकिरी साका धरतो. नसेल तर पांढरा. बाकीचं गणित नंतर लॅबमध्ये. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचे निकष सांगतात, आंघोळीच्या पाण्यात लिटरला किमान पाच मिलिग्रॅम ऑक्सिजन हवा, आणि मासे जगायचे तर चार.

२०१८च्या एप्रिलमधली गोष्ट. पहाटे सॅम्पल घ्यायचं होतं, रिक्षा मिळेना. बाबांनी न बोलता स्कूटर काढली. भिडे पुलाजवळ आम्ही उतरलो. नाकाला रुमाल लावून बाबा माझ्याकडे बघत उभे राहिले. मी बाटली भरली, रसायनं घातली, हलवली.

पांढरा.

‘‘चुकलं असेल. परत घे,’’ बाबा म्हणाले. इंजिनीअर माणूस! परत घेतलं. पांढरा. तिसऱ्यांदाही पांढरा. मग माझ्या रसायनांवर शंका नको म्हणून घरून आणलेलं नळाचं पाणी दुसऱ्या बाटलीत भरलं. क्षणात तपकिरी झालं.

बाबा दोन्ही बाटल्या हातात धरून बराच वेळ बघत होते. मग म्हणाले, ‘‘एप्रिलमध्ये आम्ही नदीत पाणी सोडत नाही. धरणातलं पाणी कालव्याला जातं, नाहीतर शहराला. मग हे वाहतंय ते काय?’’

‘‘आपण, बाबा. आपल्याच घराघरांतून आलेलं.’’

‘‘तीस वर्षं शहराला किती पाणी दिलं त्याची नोंद ठेवली आम्ही,’’ ते म्हणाले. ‘‘परत कसं आलं, ते माझ्या रजिस्टरमध्ये नव्हतंच.’’

त्या रात्री मॅनेजरचा मेल डिलीट केला.

आता डिग्रीने सगळं छान झालं असं वाटत असेल, तर थांबा. पहिला पगार हिंजवडीच्या निम्मा होता. नोकरी एका कन्सल्टन्सीत, काम रिपोर्ट लिहिण्याचं. चौथ्याच महिन्यात एका ओढ्याचा आकडा फारच वाईट आला. साहेब अगदी गोड आवाजात म्हणाले, ‘‘जरा परत बघ ना. चारच्या वर जायला हवा.’’ मी परत सॅम्पल घेतलं. आकडा तोच आला. ‘‘बदलायचा असेल तर सही तुम्ही करा,’’ एवढं बोलताना माझे हात थरथरत होते. ते काम माझ्याकडून काढून घेतलं गेलं, पुढे मीच ती नोकरी सोडली. फार शूरपणा केला असं नाही. पण तीन पांढऱ्या बाटल्या बघून झाल्यावर चार लिहायला हातच होईना. दोन वर्षांत मी काही शिकले असेन, तर ते हेच.

आज मी एका कंपनीत तिच्या पाण्याचा, विजेचा आणि कचऱ्याचा हिशेब ठेवते. सेबीने शेअर बाजारातल्या बाजारमूल्यानुसार पहिल्या एक हजार कंपन्यांना २०२२-२३पासून असा अहवाल सक्तीचा केला आणि आमच्या डिग्रीला जरा भाव आला.

ऑफिसातली पोरं हल्ली चहाला गाठून विचारतात, ‘‘ताई, करू का?’’ मी तीन गोष्टी सांगते. दोन वर्षांचा खर्च आधी बाजूला काढ. कॉलेज निवडताना बिल्डिंग नाही, लॅब आणि फील्डवर्क बघ. आणि निसर्गाची आवड एवढंच भांडवल असेल तर ट्रेकला जा, स्वस्तात होईल! रटाळ आकड्यांशी महिनोन्‌महिने भांडायची तयारी असेल, तर मात्र जरूर कर.

बाबा अजून टीएमसीतच बोलतात. फक्त दर एप्रिलमध्ये, पेपर खाली ठेवून, एकदा विचारतात, ‘‘यंदा बाटली कुठल्या रंगाची?’’