पालकांच्या मार्गदर्शनाखाली

कर्ज मंजूर करणं सोपं असतं. सात-बारा, दोन जामीनदार, तीन फोटो आणि साहेबांची सही एवढं जमलं, की माणूस निर्धास्तपणे कर्जबाजारी होऊ शकतो. वीस वर्षं बँकेत कारकुनी केल्यावर (वाणिज्य शाखेच्या पदवीचा याहून वेगळा उपयोग निदान माझ्या पाहण्यात नाही) एवढं मी छातीठोकपणे सांगतो. पण घरातल्या साडेसहा वर्षांच्या मुलीला एखादा सिनेमा दाखवायचा की नाही, हे प्रकरण मंजूर करायला कुठलाच फॉर्म नाही. सरकारने तो काढायचा प्रयत्न केला, नाही असं नाही. १९५२ च्या कायद्याप्रमाणे सुरुवातीला दोनच शिक्के होते. 'यू' म्हणजे सर्वांनी बघा आणि 'ए' म्हणजे फक्त मोठ्यांनी बघा. (गावात दुसऱ्या प्रकारालाच गर्दी जास्त, हा भाग वेगळा.) १९८३ साली या दोघांच्या मधे 'यूए' आला. आता २०२३ च्या दुरुस्तीनंतर त्या 'यूए'चेही तीन तुकडे झाले आहेत: सात वर्षांवरचे, तेरावरचे आणि सोळावरचे.

यातली गंमत अशी, की यातला कुठलाही आकडा असला तरी तो नुसता सल्ला आहे. दारावरचा माणूस पोरांचे दात मोजून आत सोडत नाही. पालकांनी मार्गदर्शन करावं आणि आपलं आपण ठरवावं, एवढंच सरकारचं म्हणणं. आमच्या बँकेत याला 'योग्य त्या कार्यवाहीसाठी खाली पाठविले' म्हणतात. वरून निघालेला कागद खाली येत येत शेवटी माझ्या टेबलावर पडतो आणि माझ्या खाली कोणी नसल्यामुळे तिथेच राहतो. सिनेमाचंही तसंच. मुलांना मार्गदर्शन पालकांचं. पालकांना कोणाचं, ते कलम कायद्यात नाही.

सिनेमा होता 'महावतार नरसिंह'. अश्विन कुमार नावाच्या दिग्दर्शकाचा, सबंध चित्रांचा, म्हणजे आपल्या भाषेत कार्टून. २५ जुलै २०२५ ला तो लागला आणि बघता बघता त्याने तीनशे कोटींच्या वर धंदा केला. कार्टून म्हणजे पोरांचं, देवाचं म्हणजे चांगलं, आणि गर्दी म्हणजे सगळ्यांचं, अशा तीन जामीनदारांवर आमच्या दहा वर्षांच्या चिरंजीवांनी अर्ज दाखल केला. धाकटी चिमी सहअर्जदार.

तेल्हाऱ्यात राहून असला सिनेमा बघायचा म्हणजे अकोट मार्गे अकोला गाठावं लागतं. जाणं, येणं, बघणं, वर पोरांचं खाणं, असा सबंध रविवार खर्ची पडतो. त्यामुळे विचार करायला भरपूर वेळ असतो आणि तिथेच घोटाळा होतो. सिनेमागृह घराशेजारी असतं तर आम्ही कधीच बघून आलो असतो.

सौभाग्यवतींनी पहिली शंका काढली. "अहो, शेवटी तो पोट फाडतो ना? एवढ्या मोठ्या पडद्यावर? आणि ते थ्रीडी!"

थ्रीडीची भीती नुसती बायकांचीच आहे असं समजू नका. २०१६ साली 'जंगल बुक' आला. त्यात मोगली तेवढा खरा, बाकी वाघापासून झाडाच्या पानापर्यंत सगळं कॉम्प्युटरवर केलेलं. त्याला आपल्या सेन्सॉर बोर्डाने 'यूए' दिला होता. थ्रीडीमुळे जनावरं प्रेक्षकांच्या अंगावर येतात, असं बोर्डाच्या तेव्हाच्या अध्यक्षांचं म्हणणं. आता मोगलीचं रान शिवनीचं, म्हणजे आमच्या विदर्भाच्या कुंपणाला लागून. आणि आमचा तालुका सातपुड्याच्या पायथ्याशी, पलीकडे मेळघाट. इकडे बिबट्या तुरीच्या शेतात चष्म्याशिवाय थ्रीडीत येतो, त्याला अजून कोणी प्रमाणपत्र दिलेलं नाही. माझ्या लहानपणी हाच मोगली दूरदर्शनवर रविवारी सकाळी यायचा. शेरखानचा आवाज नाना पाटेकरांचा. आम्ही घाबरून आईच्या पदराआड जात असू आणि पुढच्या रविवारी वेळेच्या आधी येऊन बसत असू. पण हे सौभाग्यवतींना सांगून उपयोग नव्हता. "तेव्हाचा टीव्ही केवढासा होता!" असं त्या म्हणाल्या असत्या, आणि ते खरंच होतं.

मग मी प्रकरण बँकेत नेलं. जेवणाच्या सुट्टीत डबे उघडले की आमच्याकडे कुठल्याही विषयावर तज्ज्ञ मिळतो. हेड कॅशियर म्हणाले, "विषय धार्मिक आहे. धार्मिक विषयातलं रक्त हिंसेच्या खाती धरत नाहीत. ते वेगळं हेड आहे." दुसरे एक सहकारी शहरातून बदलून आलेले आणि मुलांच्या मनावरची पुस्तकं वाचणारे. ते म्हणाले, सात वर्षांच्या आतल्या मुलाला खरं आणि चित्रातलं यांतला फरक नीट कळत नाही. यावर कर्ज विभागाने विचारलं, की चाळिशीनंतर तरी तो कुठे कळतो? चर्चा तिथून पीकविम्याकडे वळली. एवढा वेळ चहाचे कप गोळा करणारा शिपाई जाता जाता म्हणाला, "साहेब, माह्या पोट्ट्यानं मोबाइलच्या गेममंदी आज सकाऊन सतरा मानसं मारले. मंग दूध पेला अन् शाळेत गेला. तुमी एका राक्षसाचं काय घेऊन बसले?"

मला स्वतःला या गोष्टीतल्या रक्तापेक्षा त्यातल्या कागदपत्रांचं कौतुक जास्त वाटत आलं आहे. हिरण्यकशिपूने वर मागताना काय मसुदा केलाय बघा! दिवसा नाही, रात्री नाही. घरात नाही, घराबाहेर नाही. माणसाकडून नाही, पशूकडून नाही. जमिनीवर नाही, आकाशात नाही. शस्त्राने नाही, अस्त्राने नाही. असा करारनामा चांगल्या चांगल्या वकिलांना साधणार नाही. आणि देवाने तरी काय केलं? एकही अट मोडली नाही. सांजवेळ गाठली, उंबरठा गाठला, मांडी घेतली, नखं वापरली आणि प्रत्येक कलमाच्या फटीतून नेमका आत शिरला. वसुली म्हणतात ती ही. हे मी घरी समजावून सांगितलं तेव्हा चिरंजीव म्हणाले, "बाबा, तुम्ही सिनेमा नका बघू. तुम्हाला नाही समजणार."

गोऱ्या लोकांतही हा घोळ जुनाच आहे. डिस्नेची 'स्नो व्हाइट' १९३८ साली इंग्लंडमध्ये आली, तेव्हा तिथल्या सेन्सॉरने तिला 'ए' दिला होता. त्या वेळच्या अर्थाने, मुलांनी मोठं माणूस बरोबर घेऊनच यायचं. चेटकीण फार भयंकर आहे, हे कारण. पुढे १९४२ साली त्याच डिस्नेने 'बाम्बी' काढला. त्यात हरणाच्या पाडसाची आई शिकाऱ्याच्या गोळीने मरते. पडद्यावर रक्ताचा थेंब नाही. गोळीचा आवाज येतो आणि नंतर पाडस आईला हाका मारत हिंडतं, बस्स. पण लहानपणी तो बघितलेली माणसं म्हातारपणीसुद्धा त्या प्रसंगाबद्दल बोलतात. चेटकिणीबद्दल एवढं कोणी बोलत नाही.

आमचा निकाल लागला तो श्रावणातल्या दुसऱ्या शुक्रवारी. आई जिवतीची पूजा मांडत होती आणि आम्ही नवरा-बायको मागे उभे राहून, पोरांना ऐकू जाऊ नये अशा आवाजात, पोट फाडणे या विषयावर बोलत होतो. जिवतीचा कागद आमच्याकडे आषाढी अमावस्येलाच भिंतीवर चिकटतो. म्हणजे सिनेमा लागला त्याच्या आदल्याच दिवशी. चिमीला कुंकू लावायचं काम मिळालं होतं. कागदाच्या मधोमध लेकरं अंगाखांद्यावर घेतलेल्या जरा-जिवंतिका. खाली बुध हत्तीवर आणि बृहस्पती वाघावर. वर एकीकडे कालियाच्या फण्यावर कृष्ण, आणि दुसरीकडे...

"आजी," चिमी म्हणाली, "नरसिंहाला कुंकू लावलं. आता हे ज्याचं पोट फाडताहेत, त्याला पण लावू का?"

आम्ही दोघं गप्पच झालो. वर्षानुवर्षं हा कागद आमच्या घरात येतो. लेकराबाळांना आयुष्य लाभावं म्हणून जी पूजा करतात, तिच्यातच हा प्रसंग छापलेला, आतड्यांसकट, आणि तोसुद्धा बरोबर सहा वर्षांच्या मुलीच्या डोळ्यांच्या उंचीवर चिकटवलेला. वेरूळच्या पंधराव्या लेण्यातही नरसिंह हिरण्यकशिपूला धरून उभा आहे आणि शाळांच्या सहली त्याच्यासमोर दोन-दोनच्या रांगेत उभ्या राहतात. दगडाला किंवा कागदाला 'यूए' लावायचं आजवर कोणाला सुचलं नाही.

आईने आघाड्याची माळ घालता घालता विचारलं, "काय कुजबुज चालली दोघाइची?" सांगितल्यावर हसली. "काऊन रे बाप्पा? तू तीन वर्साचा होता तवापासून हेच गोष्ट सांगतली म्या तुले. मेला का तू? बँकेत लागला नं चांगला?"

या युक्तिवादाला उत्तर नव्हतं. तरी एक गोष्ट मला नंतर सुचली. आई गोष्ट सांगते तेव्हा ती ऐकणाऱ्याच्या तोंडाकडे बघत असते. डोळे फार मोठे झाले की नरसिंहाची नखं थोडी आखूड होतात. पोरगं कंटाळलं की खांब जरा आधीच फुटतो. पांघरूण नाकापर्यंत गेलं की हिरण्यकशिपूचं सगळं एका वाक्यात आटोपतं आणि एकदम फुलं पडायला लागतात. सेन्सॉर बोर्ड गोष्टीच्या आतच बसलेलं असतं. पडदा काही कोणाच्या तोंडाकडे बघत नाही. अकोल्याला बसलेल्या साडेसहा वर्षांच्या पोरीसाठी तो एक क्षणही आखडता घेणार नाही. तेव्हा ते काम बाजूच्या खुर्चीवरच्या माणसाने करायचं. मार्गदर्शन म्हणजे बहुधा हेच असावं. सौभाग्यवतींनी याचा सोपा तर्जुमा केला: "चिमी माझ्या मांडीवर बसेल. मी सांगितलं की डोळे मिटायचे."

रविवारी पाच जणांची वरात अकोल्याला गेली. चिमीच्या नाकावर चष्मा टिकेना, म्हणून आईने तो पदराच्या चिंधीने डोक्यामागून बांधून दिला. खांब फुटला तेव्हा काय झालं, ते क्रमाने सांगतो. दहा वर्षांचे चिरंजीव, मूळ अर्जदार, माझ्या खांद्यात तोंड खुपसून बसले. सौभाग्यवतींनी स्वतःचे डोळे मिटले आणि त्यामुळे चिमीला डोळे मिटायला सांगायचं राहून गेलं. आईने हात जोडले होते. ती रडत होती, पण चष्म्यामुळे ते बराच वेळ कोणाच्या लक्षात आलं नाही. आणि चिमी कुरमुरे खात शांतपणे बघत होती. भिंतीवरचा माणूस हलायला लागला, एवढंच तिच्या दृष्टीने नवीन होतं.

परतीच्या एस.टी.त आम्ही निर्धास्त झालो. झोपेत दचकणार नाही, अंथरूण ओलं होणार नाही, सगळं मार्गी लागलं. अकोट मागे पडलं. खिडकीबाहेर अंधारात कपाशीचा वास येत होता. चिमी बराच वेळ गप्प होती.

"आजी, ते वाईट राजे प्रल्हादाचे खरे बाबा होते?"

"हो नं माय. खरेच."

"सख्खे?"

"सख्खे."

"मग प्रल्हादाची आई त्याला घेऊन मामाच्या गावाला का नाही गेली?"

आम्ही पोटाचा विचार केला होता, नखांचा केला होता, थ्रीडीचा केला होता. हे कोणाच्याच टाचणात नव्हतं. हेड कॅशियरच्या नाही, मनावरची पुस्तकं वाचणाऱ्या सहकाऱ्यांच्याही नाही. मी आईकडे बघितलं. आईने चाळीस वर्षं ही गोष्ट सांगितली आहे. प्रल्हाद पोटात असताना कयाधू नारदाच्या आश्रमात राहिली होती, हे तिला पाठ आहे. पण पुढे लेकराला कड्यावरून लोटलं, आगीत बसवलं, तेव्हा त्या बाईचं काय झालं, हे तिला कोणी विचारलंच नव्हतं. "होती नं घरात," असं काहीतरी पुटपुटून ती खिडकीबाहेर बघू लागली. सौभाग्यवती माझ्याकडे बघत होत्या. मी कंडक्टरकडे बघत होतो. गणिताच्या पाढ्यांवरून आमच्या घरात अधूनमधून आवाज चढतो, तो कोणाचा असतो, हे एस.टी.तल्या इतर प्रवाशांना माहीत असायचं कारण नव्हतं.

दुसऱ्या दिवशी रात्री मी जमाखर्चाची वही घेऊन बसलो होतो. आतल्या खोलीत आईची गोष्ट चालू होती. मधेच मला वेगळंच काही ऐकू आलं, म्हणून मी पेन खाली ठेवलं.

"...मंग कयाधूनं काय केलं? रातच्याले रेंगी जुपली, बैलाइच्या गयातल्या घंट्या काढल्या, अन् प्रल्हादाले पोटाशी धरून निंघाली सीधी माहेरी. हिवरखेडले."

"आजी!" चिरंजीव उठून बसले असावेत. "असं नाहीच आहे! ते तिकडे गेले तर मग खांब कुठून येणार? नरसिंह कसा येणार?"

"तिथं काय खांब नाही? मामाचा वाडा आहे एवढा मोठा. तू गप पड. लेकरू झोपू दे." आईचा आवाज खाली आला. "मंग मामानं दार उघडलं..."

"मामीने पाणी दिलं?" चिमीने झोपेतच विचारलं.

"देल्लं नं. गुयासंगं देल्लं."