निळ्या थेंबाची साक्ष

एप्रिल सरता सरता श्रीवर्धनकडच्या काजूबागांत झाडांखाली बोंडूंचा सडा पडतो. बी काढून घेतलं, की लाल-पिवळी बोंडं तिथंच मातीत कुजतात. त्याच वाटेवरच्या टपरीतल्या फ्रिजमध्ये फळरसाचे खोके रांगेनं उभे असतात आणि समुद्र बघायला आलेली एखादी आई ‘तेवढीच जीवनसत्त्वं जातील पोटात’ म्हणून लेकराच्या हातात त्यातला एक देते. फळप्रक्रिया हा माझा विषय आणि फळांतलं क जीवनसत्त्व मोजणं हे माझं रोजचं काम. म्हणून हे दृश्य दरवर्षी मला नव्यानं टोचतं.

हे मोजमाप कसं करतात ते सांगते. फळाचा अर्क आम्लात काढायचा आणि त्यात एक निळं रंगद्रव्य थेंबाथेंबानं सोडायचं. क जीवनसत्त्व शिल्लक असेपर्यंत पडलेला थेंब रंग गमावतो. ते संपलं, की अर्कावर फिकट गुलाबी छटा टिकून राहते. जितकं रंगद्रव्य खर्ची पडलं, तितकं जीवनसत्त्व होतं. नुकता चिरलेला पेरू घेतला तर थेंबामागून थेंब विरत जातात. तोच पेरू चिरून दुपारपर्यंत उघडा ठेवला, तर गुलाबी छटा लवकर दिसू लागते. मधल्या वेळात फळातून काही सांडलेलं नसतं. हवेतला प्राणवायू लागला, पेशी फुटून फळातलीच विकरं मोकळी झाली आणि जीवनसत्त्व मोडत गेलं, एवढंच.

हवा, उष्णता आणि काळ हे या जीवनसत्त्वाचे तीन वैरी. चौथं तांबं. १७४७ मध्ये जेम्स लिंड या ब्रिटिश नौदलाच्या डॉक्टरनं स्कर्व्ही, म्हणजे क जीवनसत्त्वाच्या कमतरतेचा आजार, झालेल्या बारा खलाशांवर प्रयोग केला, तेव्हा संत्री आणि लिंबं खाणारे दोघे सर्वांत आधी सावरले. पुढे नौदलानं लिंबाची जात बदलली, रस साठवून ठेवला, तांब्याच्या नळ्यांतून फिरवला. मग १८७५ च्या उत्तर ध्रुवाकडच्या मोहिमेत रस सोबत असूनही खलाशांना स्कर्व्हीनं गाठलं. रसाचा आंबटपणा तसाच होता, गुण मात्र गेला होता. आंबट म्हणजे क जीवनसत्त्व, हा समज खोटा आहे. आपलं कोकमही त्याचं उदाहरण. त्याचा आंबटपणा मुख्यतः हायड्रॉक्सीसायट्रिक आम्लाचा असतो. सरबत जरूर प्यावं, उन्हाळ्यात त्याच्यासारखं दुसरं काही नाही. पण क जीवनसत्त्वाची अपेक्षा त्याच्याकडून करू नये.

आता खोक्याबद्दल न्यायानं बोलू. कारखान्यात रस काही सेकंदच तापवतात. तेवढ्यात क जीवनसत्त्वाचं फार नुकसान होत नाही. खोक्यातला ॲल्युमिनियमचा पातळ थर हवा आणि उजेड अडवतो. खरी घट होते ती पुढे, गोदामात आणि उन्हात तापलेल्या दुकानात, महिन्यामहिन्यानं. ती भरून काढायला पुष्कळदा वरून ॲस्कॉर्बिक आम्ल घालतात. वेष्टनावर ‘३००’ हा क्रमांक दिसतो तो त्याचाच. हे आम्ल आणि फळातलं क जीवनसत्त्व रसायन म्हणून एकच. त्यामुळे खोक्यात काहीच नसतं, असं मी म्हणणार नाही. पोटॅशियमसारखी खनिजं आणि बरंचसं कॅरोटीनही त्यात टिकतं.

पण काय टिकलं यापेक्षा काय गाळून टाकलं, ते बघावं. चोथा गेला की तंतू गेले. साखर उरते, आणि तीही चावायचे कष्ट न घेता घटाघटा पोटात जाते. चार संत्री एका बैठकीला आपण सहसा खात नाही, चार संत्र्यांचा रस मात्र सहज पितो. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१५ मध्ये ज्या ‘मुक्त साखरे’वर मर्यादा घालायला सांगितलं, तिच्यात फळांच्या रसातली साखरही मोजली आहे. शिवाय सगळे खोके रसाचे नसतात. ‘फ्रूट ड्रिंक’ या नावाखाली रसाचं प्रमाण १० टक्के असलं तरी नियमाला पुरतं. बाकी मुख्यतः पाणी आणि साखर. पाणी घालून पुन्हा तयार केलेल्या रसावरचा ‘१०० टक्के फळरस’ हा दावा काढून टाका, असं भारताच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाला जून २०२४ मध्ये बजावावं लागलं. म्हणून खोका घ्यायचाच असेल, तर समोरचं चित्र नव्हे, मागची बारीक अक्षरं वाचावी.

आणि गरज किती, तर २०२० च्या भारतीय शिफारशीनुसार प्रौढ पुरुषाला दिवसाला ८० आणि स्त्रीला ६५ मिलिग्रॅम क जीवनसत्त्व लागतं. पेरूच्या १०० ग्रॅममध्ये ते २०० च्या आसपास असतं. म्हणजे परसातल्या पेरूच्या दोन-चार फोडींत दिवसाची गरज भागते. साल मात्र सोलू नये, गरापेक्षा ती अधिक श्रीमंत असते.

हापूसचं गणित वेगळं. तो पिकत जातो तसं क जीवनसत्त्व उतरतं आणि कॅरोटीन चढतं. कॅरोटीन स्निग्ध पदार्थासोबत अंगी लागतं. आमरसावर तुपाची धार सोडणाऱ्या आज्यांना रसायनशास्त्र ठाऊक नव्हतं, पण त्यांचा हात बरोबर जागी पडत होता. कैरीत प्रश्न उष्णतेचा. उकडून केलेल्या पन्ह्यापेक्षा किसून केलेल्या ताज्या तक्कूत क जीवनसत्त्व जास्त राहतं.

राहिला बोंडू. त्याच्या १०० ग्रॅममध्ये सुमारे १८० मिलिग्रॅम क जीवनसत्त्व, म्हणजे संत्र्याच्या तिपटीहून अधिक. पण साल इतकी नाजूक, की पडल्यावर दिवसभरात आंबू लागतो. घशाला खवखवतो तो टॅनिनमुळे. म्हणून तो बाजार गाठत नाही. यावर उपाय अवघड नाही. सकाळी वेचलेले बोंडू धुऊन रस काढावा, त्यात तांदळाची पेज घालून थोडा वेळ ठेवावा. टॅनिन साक्याबरोबर खाली बसतं. वरचा निवळ रस काचेच्या किंवा स्टीलच्या भांड्यात काढून त्याच दिवशी प्यावा. तांब्या-पितळेचं भांडं नको. एवढं वाडीवाडीतल्या बचतगटांनी मनावर घेतलं, तर मातीत कुजणारं पोषण पोरांच्या पोटात जाईल.

हा अंक तुमच्या हाती येईल तेव्हा बोंडूचे दिवस दूर असतील, पण आवळ्याचे आलेले असतील. तुळशीच्या लग्नात वृंदावनात ऊस, चिंच यांच्याबरोबर आवळाही ठेवतात. जुन्या पोषण-तक्त्यांत त्याचं क जीवनसत्त्व १०० ग्रॅमला ६०० मिलिग्रॅम दिलं आहे. २०१७ च्या तक्त्यात ते निम्म्याहून कमी भरलं. जातीनं, पक्वतेनं आणि मोजण्याच्या रीतीनं आकडे बदलतात. तरी तो कमी आकडादेखील प्रौढाच्या दिवसभराच्या गरजेच्या तिप्पट आहे. लग्न लागलं, अक्षता पडल्या, की तो आवळा कोपऱ्यात सुकू देऊ नका. तिथल्या तिथं चिरा, मीठ लावा आणि पोरांच्या हातावर ठेवा.