अडीच सुती बोल्ट

पाना फिरता फिरता एकदम हलका झाला. ज्यांच्या हातून हे घडलंय त्यांना पुढचं सांगायला नको. अजून जरासं, अजून जरासं म्हणत आवळत असतो आणि बोल्ट लोण्यात फिरल्यासारखा गरागरा फिरायला लागतो. पोटात खड्डा पडतो. आटे गेले.

गाडी जुनी, सेकंडहँड घेतलेली मारुती ८००. थर्मोस्टॅटच्या झाकणाखालून कूलंट झिरपत होतं, म्हणून रविवारी सकाळी मी स्वतःच नवं गॅस्केट घालायला बसलो होतो. दोनच तर बोल्ट, त्यासाठी गॅरेज कशाला, असं घरात ऐटीत सांगून. बोल्ट बाहेर काढला तर त्याच्या खाचांत चंदेरी तारेचं वेटोळं अडकलेलं. ते माझ्या इंजिनाचे आटे होते.

नंतरचे दोन दिवस मी जे केलं ते सांगायला लाज वाटते. बोल्टला टेफ्लॉन टेप गुंडाळली. हाताला घट्ट लागला, वाटलं जमलं. पंधरा मिनिटं इंजिन चालवलं आणि पुन्हा हिरवं पाणी. मग भोकात एम-सील भरलं. इंजिन तापलं की कूलंटला चांगलाच दाब चढतो. तो नळाचं टपटपणं थांबवायच्या उपायांना कुठला दाद देणार?

कोल्हापुरात राहून आट्यासाठी रडत बसणं म्हणजे पंचगंगेकाठी तहानेनं मरणं. शेतातली ऑइल इंजिनं घडवणारं शिवाजी उद्यमनगर हाकेच्या अंतरावर. तिथल्या एका लेथवाल्या मामांकडे गेलो. त्यांनी गाडीकडे बघितलंसुद्धा नाही. "आधी बोल्ट दावा," म्हणाले. व्हर्नियर लावला, मग आटे मोजायच्या गेजची एकेक पाती बोल्टवर टेकवून बघितली.

"ह्यो हितला न्हवंच, साहेब. अडीच सुती हाय."

आपल्याकडे हार्डवेअरच्या दुकानात अजून सूत चालतं. एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. अडीच सूत म्हणजे ७.९४ मिलिमीटर, आठच्या भोकात तो सहज तोंड घालतो. पण त्याचे आटे इंग्रजी मापाचे, इंचाला १८, म्हणजे दोन आट्यांत १.४१ मिलिमीटर अंतर. माझ्या इंजिनाच्या भोकात ते अंतर १.२५. दर वळणाला सोळा शतांश मिलिमीटरची चूक. पहिली दोन-तीन वळणं खपून जातात, मग अडतं, आणि अडलं की माणूस लांब दांड्याचा पाना शोधतो. बोल्ट पोलादाचा, भोक ॲल्युमिनियमचं. कोण हरणार?

म्हणजे आधीच्या कुणीतरी तो कोंबला होता. कुणी, ते आता शोधण्यात अर्थ नाही. उरलेसुरले आटे मी संपवले.

मी शहाणपणा केला, "मामा, दहाचा आटा पाडून मोठा बोल्ट घालूया."

"आन् भिंत किती ऱ्हाईल? झाकनाचं भोक कोन मोठं करनार?"

त्यांनी डबीतून हेलिकॉइल काढली. स्टेनलेसच्या चौकटी तारेची, बोटाच्या पेरापेक्षा लहान स्प्रिंग. बाहेरून मोठ्या आट्यांत बसते, आत मात्र आठचाच आटा तयार मिळतो. जखमी भोक आणखी मोठं करायचं, हे माझ्या मनाला पटत नव्हतं. गाडीपाशी आल्यावर मामांनी थर्मोस्टॅटच्या तोंडात चिंधी कोंबली. ८.३ मिलिमीटरच्या बिटला हव्या त्या खोलीवर चिकटपट्टीची खूण केली आणि गुण्या लावून ड्रिल सरळ धरायचं काम मला दिलं. माझं एम-सील भुग्यासारखं बाहेर आलं. मामांनी वास घेतला, काही बोलले नाहीत. त्याहून दोन शिव्या परवडल्या असत्या.

मग कॉइलचा खास टॅप. साधा आठचा टॅप इथे चालत नाही, कारण आटे कॉइलच्या बाहेरच्या मापाचे पाडायचे असतात. टॅपच्या खाचांत ग्रीस, वर रॉकेलचे थेंब. अर्धा आटा पुढे, पाव आटा मागे. ॲल्युमिनियमचा चुरा चुंबकाला लागत नाही, म्हणून तो ग्रीसलाच धरायचा. दर वेळी टॅप काढून पुसायचा. एवढ्या कामाला पाऊण तास गेला आणि त्यात मामांनी एकदाही घाई केली नाही. कॉइल मात्र मिनिटात आत गेली, काठाच्या अर्धा आटा खाली थांबली. तिची खालची शेपटी त्यांनी पंचच्या एका टिचकीनं मोडली आणि चिमट्यानं उचलली. तीच आत विसरली तर पुढचा बोल्ट तिच्यावर अडतो.

नवा बोल्ट, आठ बाय सव्वा, शेवटपर्यंत दोन बोटांनी फिरत गेला. शेवटचं आवळणं मामांनी पाना मधोमध धरून केलं, म्हणजे हाताला वाटलं तरी जास्त जोर लागत नाही.

दुसरा बोल्टही अडीच सुतीच निघाला. त्याचे आटे कसेबसे धरून होते. मामांनी तिथेही कॉइल घातली.

तेव्हापासून झाकणाखाली थेंब दिसलेला नाही. तुम्ही दुकानात आठचा बोल्ट घ्याल तेव्हा तिथेच आठ बाय सव्वाचा नट मागून घ्या आणि हातानं टोकापर्यंत फिरवून बघा. मधे अडला तर बोल्ट परत करा.